सुरणाचं पान

बाबांना पोटातल्या गाठीच्या ऑपरेशनसाठी दाखल केलं आणि मुलुंडच्या आमच्या तळमजल्यावरच्या घरामागचा सुरण माझ्या गळ्यात पडला. गावचं बियाणं, बाबांनी एसटीतून मांडीवर धरून आणलेलं. गावची जमीन विकल्यावर तेवढंच उरलं होतं. मला झाडांतलं काडीचं कळत नाही. मनी प्लांटसुद्धा माझ्या हातून मेलाय.

चौथ्या दिवशी त्याचं छत्रीसारखं एकुलतं पान पिवळं पडायला लागलं. आठवड्याभरात देठ मऊ होऊन आडवा झाला. हे गेलं तर बाबाही जातील, असं सारखं मनात यायचं. मूर्खपणा आहे हे कळत होतं, तरी यायचं. मग मी पाणी घालत सुटले. सकाळी ऑफिसला जाण्याआधी एक बादली, संध्याकाळी हॉस्पिटलमधून आल्यावर दुसरी.

बाबा रोज विचारायचे, "पान पडला काय गो?"

"नाही हो, हिरवंगार आहे. तुम्ही आधी बरे व्हा."

"अजून?" म्हणायचे आणि कपाळाला आठ्या घालून छताकडे बघत राहायचे. मला वाटायचं, टाके दुखत असतील.

तीन आठवड्यांनी घरी आले ते चहासुद्धा न घेता काठी टेकत मागे गेले. ओल्या चिखलाकडे बघून स्टुलावर बसले. मी खुरप्याने माती उकरली. कंद लागला, पण बोट सरळ आतच गेलं. घाण वास सुटला. मला रडू आवरेना.

"पान पडला म्हणजे कंद तयार झालो," बाबा म्हणाले. "मगे पाणी बंद करूचा आसता. म्हणान तर रोज इचारी होतंय."

एवढं साधं होतं. त्यांना धीर द्यायला खोटं बोलले नसते तर सुरण वाचला असता. मी माफी मागितली. ते रागावले नाहीत. खुरपं घेऊन सडका भाग खरवडत राहिले, आत कुठे घट्ट काही मिळतंय का बघत. काहीच मिळालं नाही.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि माझ्या गाठीचो रिपोर्ट? तो तरी खरो सांगलंस मा?"

साधी गाठ आहे, असं मी त्यांना सांगितलं होतं. ती साधी नव्हती.

मी त्यांच्यासमोर मातीतच बसले आणि डॉक्टर काय म्हणाले ते पहिल्यापासून सांगितलं.