इंजिनाच्या तोंडावर झेंडू

झेंडूचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. फुलं पिकवणाऱ्या घरातल्या बाईनं असं म्हणावं म्हणजे आमच्याकडचे लोक मला उभी चिरतील. केंदूरच्या आमच्या रानात झेंडू आणि शेवंती, त्यावरच आमची शिक्षणं झाली. पण म्हणायचं ते म्हणा. माझ्या गाडीचं इंजिन झेंडूनं गेलं, आणि ते जाताना मी आत बसले होते.

मी कारेगावात खोली घेऊन राहते, तिथल्याच एका कंपनीत क्वालिटीला आहे. जुनी टर्बो पेट्रोल गाडी घेतली आणि शिक्रापूरच्या एका ट्यूनरकडून तिची ताकद वाढवून घेतली. पोरीच्या जातीला हे कसलं खूळ, असं घरातल्या प्रत्येकानं एकदा तरी म्हणून घेतलं. ट्यूनरनं मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. ती गार करायला पुढच्या जाळीमागं इंटरकूलर असतो, रेडिएटरचाच भाऊ म्हणा, आणि तो चालतो समोरून येणाऱ्या वाऱ्यावर. इंजिनात शिरणारी हवा साठ अंशांच्या वर गेली की ॲक्सिलरेटरवर जोर द्यायचा नाही. दिला तर पेट्रोल भलत्या वेळी पेटतं आणि पिस्टन फुटतो. कंपनीतून आलेली गाडी अशा वेळी स्वतःच हात आखडता घेते. ताकद वाढवलेल्या गाडीत तेवढी सवड उरलेली नसते. म्हणून मी डॅशबोर्डवर एक छोटा डिस्प्ले बसवून घेतला. त्यावर एकच आकडा, आत जाणाऱ्या हवेचा.

घरात त्या आकड्याची चौकशी केली ती फक्त आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. रविवारी मी घरी गेले की ते शेजारच्या सीटवर बसायचे आणि आम्ही रपेट मारून यायचो. थोड्याच दिवसांत त्यांना सगळं उमगलं. पहाटेच्या गार हवेत आकडा खाली राहतो, शिक्रापूरच्या चौकात कंटेनरच्या मागं अडकलं की चढतो, मोकळ्या रस्त्याला लागलं की हळूहळू उतरतो. मी घाई केली की तेच म्हणायचे, दम धर, अजून उतरला नाही. मला वाटायचं, चला, या घरात एक तरी माणूस माझ्या बाजूचं आहे. काय खुळी होते मी.

दादाचं लग्न मे महिन्यात ठरलं, मुलगी दौंडकडची. लग्नानंतरच्या रविवारी एका खासगी धावपट्टीवर गाड्या पळवून त्यांची वेळ मोजणार होते, आणि मी नाव दिलं होतं. पहिल्यांदाच. आप्पा बरोबर येणार होते. तोवर इंजिन धडधाकट राहावं, एवढंच मला हवं होतं. अशात दादानं नवरदेवाची गाडी म्हणून माझीच गाडी मागितली. तोवर ती खूळ होती, आता ती घरची शान झाली. मी हो म्हणाले, पण एका अटीवर. पुढची जाळी मोकळी ठेवायची, तिथं एक फूलही लावायचं नाही. दादा व्हय व्हय म्हणाला.

आमच्या फुलवाल्या गावांत नवरदेवाच्या गाडीचा एक रिवाज आहे. गाडीचा रंग दिसता कामा नये. बाजारातून हार आणणं म्हणजे नाक कापून घेणं. घरच्या रानातली फुलं तोडून भावकीतले लोक पहाटेपासून गुंफत बसतात. सकाळी मी साडी नेसून बाहेर आले तर गाडीच्या तोंडावर झेंडूचा अख्खा पडदा बांधलेला. बोट जाणार नाही इतका दाट, वर तारेनं आवळलेला. मी चुलत्यांना म्हणाले, एवढा खालचा भाग तरी सोडा, गाडीला वारा लागतो. ते म्हणाले, आपण साऱ्या तालुक्याला फुलं पुरवतो आन् आपल्याच पोराची गाडी बोडकी धाडायची व्हय? मी कात्री आणायला वळले तर आईनं दंड धरला. करवलीनं आजच्या दिवशी तोंड चालवायचं नसतं म्हणाली. किल्ली चुलतभावाकडे गेली, कारण नवरदेवाची गाडी बाईमाणसानं चालवणं शोभत नाही. गाडी माझी, बरं का.

नवरदेव वाटं लावताना, म्हणजे लग्नाला निघताना, आमच्याकडे आधी त्याला गावातून मिरवत मारुतीला नेतात. मी आणि दादा मागं बसलो. आप्पांचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना पुढं बसवलं, अगदी त्या डिस्प्लेसमोर. पुढं डीजे, त्याच्यापुढं नाचणारी पोरं, आणि मे महिन्याच्या उन्हात आमची गाडी पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलानं. आकडा पन्नास झाला, साठ झाला, सत्तरच्या पुढं गेला. तरी त्यात अजून धोका नव्हता. हळू चालणाऱ्या गाडीवर जोर नसतो. मी चुलतभावाला सांगितलं, गावाबाहेर पडलो की थांब, पडदा कापू, बॉनेट उघडून थोडं गार होऊ दे. त्यानं इंजिनाच्या पाण्याचा काटा दाखवला. काटा मधोमध होता. गाडी कुठं गरम झाली, असं वर मलाच विचारलं. त्याला काय कप्पाळ समजावणार, पाणी वेगळं आणि हवा वेगळी?

तो काही थांबला नाही. शिक्रापूरच्या चौकात नेहमीप्रमाणे ट्रकांनी कोंडी केली आणि आमचा वेळ गेला. दौंडहून फोनवर फोन, मुहूर्त टळतोय, कुठं आहात. न्हावऱ्याच्या पुढं रस्ता मोकळा झाला. मोकळ्या रस्त्याला आकडा उतरायला हवा होता, पण पडद्यातून वारा शिरेल तर ना. अठ्ठ्याहत्तर. चुलतभाऊ ॲक्सिलरेटरवर पाय तोलत होता. मी पुढं वाकले आणि आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आप्पा, आकडा बघा. तुम्ही सांगा त्याला, तुमचं ऐकेल तो."

त्यांनी बघितला. मी त्यांना बघताना बघितलं. मग त्यांनी मान खिडकीकडे वळवली, मागून येणाऱ्या भावकीच्या जीपगाड्यांवर एक नजर टाकली आणि म्हणाले, "दाब. मुहूर्त गाठायचा हाय."

पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला. पहिल्यांदा थोडा, मग सारखा. मी पाय काढ म्हणून ओरडले तेव्हा उशीर झाला होता. मागं निळा धूर, आणि चौफुल्याच्या अलीकडं गाडी लंगडत कडेला थांबली. दादाला मागच्या जीपमध्ये घातलं, आप्पांना घातलं, मलाही ओढून घातलं, कारण करवलीशिवाय नवरदेव कसा जाणार. गाडी तिथंच, अंगावर फुलं घेऊन. कार्यालयात पोचलो तर अक्षता पडायला आणखी तासभर होता. पुढाऱ्यांचे सत्कार आणि वधूवरांना शुभेच्छांची भाषणं चालली होती. मी रुखवताशेजारी उभी राहून ती सगळी ऐकली. बायका आपसांत म्हणत होत्या, पोरीच्या नावची गाडी न्यायलाच नको व्हती, वाटंत दगा दिला. म्हणजे खापर फुटलं ते माझ्याच डोक्यावर.

ट्यूनरनं इंजिन खोललं तेव्हा दोन पिस्टनांचे तुकडे निघाले. मला रडूही आलं नाही, नुसती तिडीक गेली डोक्यात. चुलते, चुलतभाऊ, दादा यांच्यावरचा राग खरं सांगायचं तर पुढं उतरलाही. त्यांना कळतच नव्हतं. आप्पांना कळत होतं. पुढच्या रविवारी, ज्या दिवशी आम्ही धावपट्टीवर असणार होतो, मी एसटीनं घरी गेले आणि ओट्यावर बसलेल्या आप्पांना सरळ विचारलं, तुम्हाला दिसलं होतं ना?

"दिसलं की," ते म्हणाले. "पर पोरीच्या सांगण्यावरनं नवरदेव थांबवला, आसं भावकीनं जलमभर बोलून दाखवलं असतं. आन् तुझं काय, आज ना उद्या लगीन हुईल. गाडी काय सासरी न्हेणार व्हतीस?"

त्यांनी हे चिडून म्हटलं असतं तर मी भांडले असते. ते समजूत घालत होते. आईनं चहा आणून ठेवला होता, तो तसाच टाकून मी उठले आणि मिळेल त्या गाडीनं कारेगावला आले. इंजिन परत उभं करायला वर्ष गेलं. मग मी त्या धावपट्टीवर एकटी गेले, गाडी पळवली, आणि वेळ मला वाटली होती त्याहून चांगली आली. घरी कुणाला सांगितलं नाही. आप्पांना तर मुद्दामच नाही.