लांबूनच सावधान

सबंध पालघर जिल्ह्यात माझ्या साडूभाऊंइतका मोठ्या आवाजाचा आणि त्यांच्याइतक्या कमी अँटिबॉडीजचा माणूस शोधून सापडायचा नाही. आवाज जन्मजात, बोईसरच्या कारखान्यात मशीन धडधडत असताना ते पलीकडच्या शेडमधल्या माणसाला चहाला हाक मारत आणि तो येई. अँटिबॉडीजचं प्रकरण नंतरचं. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराचे राखणदार आपल्याच मज्जातंतूंवर उलटतात, म्हणून दर सहा महिन्यांनी सलाइनमधून औषध देऊन ते कमी करतात, आणि त्यांच्याबरोबर अँटिबॉडीजही घटतात. "वॉचमनच घर फोडायला लागले, म्हणून कामावरून काढले," साडूभाऊ सांगतात, "आता गेटवर मी एकटा!" आणि खरोखरच सरावली गावातल्या घराच्या दारात काठी घेऊन बसतात, येणाऱ्याला आधी घसा साफ करून दाखवायला लावतात. एकदा दूधवाला शिंकला, तर दूध इतकं उकळलं की त्याचा खवा झाला. तोही त्यांनी त्यालाच लांबून खायला दिला.

गेल्या हिवाळ्यात रिपोर्ट आला, अँटिबॉडीज फारच कमी. आमच्याकडे शुगर, प्रेशर, कोलेस्टेरॉल, जे कमी ते चांगलं, "कमी आलं ना? बरं झालं बाई!" म्हणत सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. डॉक्टरांनी मात्र पुढचा डोस लांबणीवर टाकला आणि गर्दीत जायला सक्त मनाई केली. साडूभाऊंनी साखर खाल्ली आणि कॅलेंडरकडे पाहिलं. आठवड्यावर माझ्या मुलीचं लग्न होतं, आणि तिच्या मंगलाष्टका आपणच म्हणणार, हे त्यांनी तिच्या बारशालाच जाहीर केलं होतं.

लग्नाच्या दिवशी ते हॉलमागच्या आंब्याखाली खुर्ची टाकून बसले, हातात बिनवायरचा माइक. केळव्याहून आलेला आचारी म्हणाला, "काका, आतमदी या ना, पंखा हाय."

"आत फक्त आवाज जाणार. मी नाही!"

आणि आवाज असा आला की वरपक्ष छताकडे बघू लागला. प्रत्येक "सावधान"ला हॉलमधले खोकणारे दचकत होते. मला मात्र त्यांचा विलक्षण अभिमान वाटत होता.

शेवटी मी हॉलच्या मागच्या दाराशी गेलो, तेव्हा ते हॉलच्या दिशेने अक्षता टाकत होते. हातात जोर नव्हता. त्या चार पावलांवर गवतात पडल्या. तेवढ्यात त्याच दाराने मुंडावळ्यांसकट माझी मुलगी आली.

"लांबूनच!" साडूभाऊ ओरडले.

ती अक्षता पडल्या होत्या तिथेच थांबली. वाकून तिने गवतातले दाणे वेचले आणि स्वतःच्याच डोक्यावर टाकले. साडूभाऊंचे ओठ हलले. काहीतरी म्हणाले असावेत, पण मला ऐकू आलं नाही.