पायाळू सून

परवा सकाळी बेल वाजली. दारात एक गृहस्थ कमरेवर हात ठेवून वाकडे उभे. मी घाईघाईने पदर सारखा केला, चटई कुठे ठेवली आहे ते मनात आठवलं आणि म्हटलं, "आइए, आइए." ते म्हणाले, "मॅडम, फिजिओथेरपीवाले डॉक्टर यहीं बैठते हैं ना?" मी त्यांना पुढची गल्ली दाखवली आणि दार लावून घेतलं. मग दिवसभर उगाच भांडी आपटत राहिले. कमर त्यांची धरली होती आणि वाईट मला वाटत होतं.

कारण मी पायाळू आहे. जन्मताना माझे आधी पाय बाहेर आले, डोकं मागून. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते, असं आपल्याकडे मानतात. माहेरी माझ्या पायाला कोणी विचारलं नव्हतं. लग्न होऊन इंदूरला आले आणि पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी माझ्या आईकडून ही गोष्ट काढून घेतली. मग काय, गावभर झालं. इथे उसण म्हणत नाहीत, चनक म्हणतात. सोयाबीन काढणीच्या दिवसांत सांवेरहून मोटरसायकलवर माणसं यायची. मानपूरचा एक ट्रकवाला तर वर्षातून दोन-तीनदा ठरलेला. "भाभीजी, बस एक लात मार दो." मी दिवसभर शाळेत मुलांना विज्ञान शिकवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन लोकांना लाथा मारायचे.

लाथ म्हणायची एवढंच. माणसाने चटईवर पालथं झोपायचं, मी डावा पाय तीनदा पाठीला टेकवायचा, आणि तोवर दोघांनीही अवाक्षर काढायचं नाही. गुण येतो का, हे मला आजही सांगता यायचं नाही. लोक सरळ होऊन जायचे हे खरं.

सासूबाईंच्या घराण्यात दोन पिढ्या दरबारची नोकरी, सगळं अदबीने आणि अंतर राखून. कोणाला जवळ घेणं, पाठ थोपटणं त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्यांनी आपल्या मुलालाही ते शिकवलं नाही. पण स्वतःची पाठ धरली की मुकाट्याने चटई अंथरायच्या आणि म्हणायच्या, "चल सूनबाई, घे सूड उगवून." वडीलधाऱ्या माणसाला पाय लागला म्हणून मी नंतर वाकून नमस्कार करायचे. त्या माझ्या डोक्यावर हात ठेवायच्या. तेवढाच आमचा लाड.

मग माझे यजमान गेले. आम्हाला मूलबाळ नाही. त्या घरात एक म्हातारी आणि एक म्हातारी व्हायला निघालेली, अशा आम्ही दोघी उरलो. एव्हाना गल्लोगल्ली कमरेचे डॉक्टर झाले होते, बाहेरची माणसं यायची थांबली. सासूबाईंची चनक मात्र वाढली. पूर्वी वर्षा-सहा महिन्यांनी यायची ती दर रविवारी यायला लागली, त्यांची अंघोळ आटोपली की हमखास.

मला त्याचा कंटाळा यायला लागला. लपवण्यात अर्थ नाही. शेवटी डॉक्टरांकडे नेलं. हाडं ठिसूळ झालीत, पाठीवर अजिबात भार नको, असं त्यांनी सांगितलं. मला सुटल्यासारखं झालं.

"नुसता टेकव गं पाय. भार नको देऊस," पुढच्या रविवारी सासूबाई म्हणाल्या.

"आई, रिपोर्ट ऐकलात ना तुम्ही?"

त्यांनी चटई गुंडाळून ठेवली.

पाठ दुखते हे पालुपद मात्र चालूच राहिलं, म्हणून मी त्यांना भंवरकुआंला एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात न्यायला लागले. कोचिंगच्या पोरापोरींची गर्दी चुकवत आम्ही जिना चढायचो. तिथली मुलगी गोड होती, हळुवार हाताने पाठ दाबायची. चौथ्या खेपेला तिने मला बाजूला घेतलं. "आंटी, दादीजी की कमर बिलकुल ठीक है. जहाँ हाथ रखो, कहती हैं यहीं दुखता है."

परतताना रिक्षात मी चिडूनच विचारलं, "आई, खरं सांगा, दुखतं का?"

त्या बाहेर बघत म्हणाल्या, "नाही दुखत."

"मग हे सगळं कशापायी?"

"तो गेल्यापासून कोणी शिवलं नाही गं मला. तुझा पाय तरी लागायचा."

घरी गेल्या गेल्या मी काय करायला हवं होतं, ते मला तेव्हाही कळत होतं. मी जाऊन कुकर लावला. मी दुष्ट नव्हते. सवय नव्हती. आमच्या घरात माणसाला हात लावायला आधी काहीतरी दुखावं लागायचं. संध्याकाळी टीव्ही बघताना मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसले. आमच्यात वीतभर जागा होती. ती मला ओलांडता येईना, म्हणून मी चहा करायला उठले.

पुढे सात महिने त्या होत्या. परत कधी त्यांनी पाठीचं नाव काढलं नाही. रविवारी अंघोळ करून दाराकडे पाठ करून उन्हात बसायच्या, आणि मी त्यांच्या मागून कपड्यांची बादली घेऊन जायचे-यायचे.

एका पहाटे झोपेतच गेल्या. शेजारच्या बायका आल्या. शेवटची अंघोळ सुनेने घालायची, असं कोणीतरी म्हणालं. त्यांना कुशीवर वळवून धरलं आणि मी कोमट पाणी ओतत पाठीवरून हात फिरवला, मानेपासून कमरेपर्यंत. इतकी वर्षं ती पाठ माझ्या तळपायाच्या ओळखीची. हाताला ती परकी लागली, आणि किती लहान. उजव्या खांद्याखाली एक मोठा तीळ होता, तो मला माहीतच नव्हता.

"भाभी, हो गया, अब रहने दो," शेजारीण म्हणाली.

"थोडा और," मी म्हटलं, आणि पाणी संपलं तरी हात फिरवत राहिले.