करड्या दाराची मोटार

वडिलांची मोटार बंगळूरला आमच्या घरामागच्या शेडमध्ये अकरा वर्षं उभी होती. छप्पन साली मी तिचं इंजिन दुरुस्त केलं, पत्रे ठोकून सरळ केले. रंग तेवढा उरला. त्यातच माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची, आसामात बदली झाली. दसऱ्याला पहाटे त्याची आगगाडी होती.

"वडिलांच्या हिरव्या मोटारीतून स्टेशनला सोड," एवढंच त्यानं मागितलं.

चिकपेटेत दुकानदारानं रंग फवारायचे दोन कॉम्प्रेसर दाखवले. एकाचा पंप मोठा, टाकी लहान. दुसऱ्याचा पंप लहान, टाकी तिप्पट. मी कागदावर गणित मांडलं आणि मोठ्या टाकीवर बोट ठेवलं.

"टाकी बघू नका, स्वामी. ह्याला स्वल्प धाप लागते."

"मी मोजलंय."

"मग न्या. मी काय, विकणारा."

टाकीतली हवा मी बरोबर मोजली होती. ती पुन्हा भरायला लागणारा वेळ मोजलाच नव्हता. चार मिनिटं फवारा चाले, मग अकरा मिनिटं नुसती घरघर. पण ती चार मिनिटं! कौलांच्या फटीतून उन्हाच्या पट्ट्या उतरत आणि त्यांत हिरवं धुकं तरंगत राही. त्या धुक्यातून वडील दार उघडून खाली उतरतील, टोपी झटकतील, असं वाटे. मी थांबून बघत बसे.

"झोपलं का रे तुझं यंत्र?" स्टुलावरून अण्णा विचारी.

"दम घेतंय."

"मालकावर गेलंय."

अष्टमीच्या संध्याकाळी डावीकडचं पुढचं दार उरलं, अस्तराच्या करड्या रंगातच. खंडेनवमीला उठलो तर बायकोनं पान्हे-पकडींशेजारी कॉम्प्रेसरही पुसून मांडलेला. टाकीला कुंकू, पंपाला झेंडूची माळ.

"एकच दार आहे गं."

"अहो, पूजेतलं हत्यार उद्या उत्तरपूजा झाल्याशिवाय उचलतात का?"

मी त्या माळेकडे दिवसभर बघत होतो. हात लावला नाही.

दसऱ्याच्या पहाटे अण्णा त्या करड्या दाराशीच येऊन बसला. मी दार राहिल्याचं काही बोलणार, तोच तो म्हणाला, "चल. इथून दार दिसतंच कुठं?"

समोर नुसतं बॉनेट होतं. बाहेर फटफटत होतं, आणि बॉनेटचा हिरवा रंग हळूहळू उजळत होता. स्टेशन येईपर्यंत दोघंही त्याच्याकडेच बघत होतो.