मे महिन्यातली कुलपं

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत मी गावी गेले नाही. सुरगाण्याच्या वरच्या अंगाला आमचा पाडा. तिथून कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे सुट्टीत काय करायचं असतं हे सांगणारं घरी कोणी नव्हतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सातपूरच्या एका कारखान्यात प्रशासन विभागाला मदतनीस हवी होती. मी घाबरत गेले आणि त्यांनी ठेवून घेतलं.

बदलून आलेल्या माणसांच्या राहण्याची सोय तिथल्या मॅडम बघत. मला वाटलं होतं, घर शोधायचं म्हणजे पाटी बघायची आणि बेल वाजवायची. पण नाशिकमध्ये मे महिन्यात घर असं मिळत नसे. बदल्या त्याच महिन्यात होत, जूनच्या शाळेआधी सगळ्यांना बस्तान बसवायचं असे, आणि नेमक्या तेव्हाच घरमालकांच्या लेकी मुलांना घेऊन माहेरी येत. वरचा मजला त्यांच्यासाठी राखलेला. लॉज वऱ्हाडांनी भरलेले.

म्हणून मॅडम मेची तयारी संक्रांतीपासून करत. हळदीकुंकवाचं एकही बोलावणं त्या चुकवत नसत. घर द्यायचं की नाही हे सही करणारा पुरुष ठरवत नाही, असं त्यांचं म्हणणं. वाण घेता घेता कुणाची लेक यंदा येणार नाही, कुणाचा मुलगा पुण्याला चालला, हे त्यांना समजे. मग चैत्रात, भर दुपारी, त्या घर बघायला जात. चपला काढून फरशीवर उभ्या राहत. पाय पोळले तर "इथं लेकरं झोपायची नाहीत" म्हणत आणि निघत. नळाला पाणी यायच्या वेळी पुन्हा एक फेरी. इतक्या आस्थेनं दुसऱ्याचं घर बघणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी सोलापूरकडचा एक तरुण सुपरवायझर बदलून येणार होता. त्याच्या बायकोला नववा महिना लागलेला. तिला आई नव्हती, म्हणजे माहेरी जायची सोय नाही. मॅडमनी त्यांच्यासाठी नाशिक रोडला तळमजल्याचं घर ठरवून ठेवलं होतं. ते यायच्या आठवड्यातच घरमालकीणबाईंनी तातडीनं बोलावलं. आम्ही गेलो तर दारात त्यांची लेक उभी, तीही पोटुशी.

"संक्रांतीला तुम्ही आलात तेव्हा सासरीच होणार होतं हो बाळंतपण," बाई म्हणाल्या. "आता हिची सासू पडलीय आजारी. तुम्हीच सांगा, लेकीला कुठं ठेवू?"

"लेकीला इथंच ठेवायचं," मॅडम म्हणाल्या. तिच्या पायांवरची सूज बघून डॉक्टरला दाखवायला सांगितलं. जीपमध्ये बसल्यावर मात्र त्यांनी डोळे मिटून घेतले. सुपरवायझरचा सकाळीच फोन आला होता. घर नसेल तर तो बायकोला सोडून येणार नव्हता, नोकरी गेली तरी.

आम्ही गल्ल्या धुंडाळू लागलो. ड्रायव्हरकाका नामपूरचे, अहिराणी बोलणारे. "ताई, ह्या गल्लीमा बी कुलूपच शे," ते म्हणाले. "कांदा सांगा, लई येसू. घर कोठून लयू?"

"काका, काही आणू नका, तुम्ही रस्त्याकडे बघा," मॅडम डोळे न उघडताच म्हणाल्या.

मी भीत भीत विचारलं, "मॅडम, ही सगळी घरं रिकामीच?"

"माणसं गावी गेलीत. आंबे संपले की येतील."

मी म्हटलं, आमच्याकडे घर असं बंद करत नाहीत. माणसं द्राक्षाच्या कामाला खाली उतरतात, तेव्हा पाड्यावरचं कोणीतरी त्या घरात राहायला येतं. चूल पेटती राहते, कोंबड्या राहतात. बोलून गेले आणि लाज वाटली. कॉलनीतल्या बंगल्यांना मी पाड्याची रीत सांगत होते.

मॅडमनी डोळे उघडले. "कोण येतं? नातलग?"

"कोणीही. ज्याला स्वतःचं घर अपुरं पडतं ते."

त्यांनी जीप थांबवली. समोर जांभळाच्या सावलीत एक बैठं घर होतं. निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको कोकणात गेलेत, असं शेजारणीनं सांगितलं आणि तिकडचा नंबरही दिला. एसटीडी बूथमध्ये मी मॅडमना चिकटून उभी होते. मास्तरांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"अहो, शिरलेला भाडेकरू कधी निघतो का? म्हणून तर कुलूप लावतो आम्ही."

"तुम्ही याल त्या दिवशी टेम्पो घेऊन मी स्वतः दारात उभी राहीन," मॅडम म्हणाल्या. "तोवर त्यांच्यासाठी दुसरं घर बघते. पण आत्ता पोरीचे दिवस भरत आलेत."

पलीकडे खुडबुड झाली. आता मास्तरीणबाईंचा आवाज. "कितवा म्हणालात?"

"नववा."

"आणि करायला कोण आहे तिचं?"

"कोणी नाही."

"मास्तरांचं मी बघते. किल्ली शेजारी आहे. मागच्या खोलीत बाज आहे, ती काढून उन्हात टाका."

कुलूप उघडल्यावर मॅडमनी सवयीनं चपला काढल्या. फरशी गार होती.

जोडपं आलं आणि थोड्याच दिवसांत त्यांना मुलगी झाली. मास्तरीणबाईंना तिकडे चैन पडेना. आंबे संपायच्या आतच मास्तरांना घेऊन त्या एसटीनं परत आल्या आणि बाळाला अंघोळ घालायला बसल्या. मॅडमना शेजारणीकडून कळलं. देवळालीकडे त्यांनी दुसरं घर मिळवून ठेवलंच होतं. ठरल्याप्रमाणे त्या टेम्पो घेऊन दारात गेल्या.

मास्तरीणबाई तेलाचे हात घेऊनच बाहेर आल्या. "ओल्या बाळंतिणीला हलवायला निघालात? सव्वा महिना तरी होऊ द्या."

मास्तर मागून म्हणाले, "अगं, पण त्यांनी शब्द दिलाय."

"तो तुम्हाला दिलाय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मास्तर ओशाळं हसले. मी मॅडमकडे बघितलं. एवढ्या खटपटीनं मिळवलेलं घर वाया गेलं म्हणून त्या चिडतील, असं मला वाटलं होतं. त्या मात्र टेम्पोच्या सावलीत उभ्या राहून विचार करत होत्या.

"परवा बदलून आलेला तो फिटर घराअभावी लॉजवर पडून आहे ना, दोन मुलांचा," त्या मला म्हणाल्या. "त्याला फोन कर. देवळालीचं घर तुझं, सामान बांधायला घे म्हणावं, टेम्पो निघालाय."

मी बूथकडे पळाले.