वांग्याच्या दोन ओळी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि माझ्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या अख्ख्या जठारपेठ वस्तीला ठाऊक आहे.

आधी थोडी फुशारकी मारू द्या, मग मुद्द्यावर येते. मी अकोल्यात नववीला शिकवते, आणि चांगलं शिकवते. जगापुढच्या प्रश्नांचे धडे पोरं जांभया देत पाठ करायची. मी ते बंद केलं आणि गोष्टी रचायला लागले — परदेशात शर्ट शिवणारी मुलगी, एका नदीवरून भांडणारे दोन देश, मोबाइलला लागणाऱ्या धातूसाठी खाणीत उतरणारा बाप. गोष्ट संपली की नियम एकच: प्रत्येकानं उभं राहून सांगायचं, या गोष्टीत मी कोण? शर्ट शिवणारा की स्वस्तात घेणारा? सुटका कोणालाच नाही. मग उपाय शोधायचा. अमरावतीच्या प्रशिक्षणात हा तास घेऊन दाखवला, तेव्हा मोबाइलमध्ये तोंड घातलेले मास्तरसुद्धा ऐकायला लागले. गर्व आहे मला त्याचा. का नसावा?

तर — ती गोष्ट. दूरच्या बेटावरचा एक शेतकरी. बाजारच्या वांग्यांवर संध्याकाळी औषध फवारतो, सकाळी तोडून विकतो. घरच्या खाण्यासाठी मात्र दोन ओळी वेगळ्या ठेवतो, बिनफवारणीच्या. पोरं चवताळली. बेइमान, खुनी — काय काय म्हणाली. मी फळ्यावर लिहून घेत होते, खूश होते.

तेव्हा वैष्णवी उठली. तिच्या घरची भाजीची वाडी, हे वर्गाला माहीत होतं. म्हणाली, "मी त्या शेतकऱ्याची पोरगी. आमच्या घरी बी दोन ओळी वेगळ्या हायेत. किडकं वांगं दिसलं का गिऱ्हाईक पुढच्या दुकानावर जाते. मंग माह्या बापानं काय करावं?"

वर्ग हसला. मागून कोणीतरी 'जहरवाली' म्हणालं. ती बसली नाही. माझ्याकडे पाहून विचारलं, "मॅडम, या गोष्टीत तुमी कोण? तुमी तं कधी सांगतच नाही."

मी म्हणाले — काय म्हणाले असेन? "मी गोष्ट सांगणारी. बस खाली." आणि पुढच्या पोराला उभं केलं.

बेट कसलं हो — ते अंजनगाव सुर्जीजवळचं आमचं वावर होतं. फवारणारे माझे वडील, आबा. मी वांगी तोडायला गेले की ओरडायचे, "तिकडचं घरी नोको आणू, बाजाराचं हाये ते." मी बरोबर ऐकायची. ती वांगी विकूनच माझं बी.एड. झालं.

'मी पण' — एवढेच दोन शब्द लागत होते. बोलले असते तर ती पोरगी एकटी पडली नसती. भीती कोणाची होती मला? नववीतल्या पोरांची. 'जहरवाली मॅडम' म्हणतील, याची. म्हणून ते नाव मी तिच्या एकटीवर राहू दिलं. वर्षभर ते तिला चिकटलं. डब्यात भाजी आणणं तिनं सोडलं, चटणी-पोळी आणायची. मला दिसत होतं.

आणि उपाय कोणी काढला? तिनंच. बापाशी भांडून दोनाच्या सहा ओळी करून घेतल्या. बाजारात दोन टोपल्या शेजारी-शेजारी मांडल्या, वर पुठ्ठे लावले — 'फवारलेली', 'बिनफवारलेली, कीड निघेल'. आता गिऱ्हाईकानंच ठरवावं. दुसरी टोपली आधी रिकामी व्हायला लागली. मी स्वतः जाऊन पाहिलं आणि किडकी वांगी घेऊन छाती फुगवून घरी आले. अशी पोरगी माझ्या वर्गातून निघाली. अमरावतीत मी तिचं नाव घेऊन हे सांगितलं, टाळ्या पडल्या. माझ्या वावराचं नाव तेव्हाही घेतलं नाही.

ती गोष्ट मी अजून दरवर्षी सांगते. तास अजून तसाच रंगतो. सगळी पोरं उभी राहून खरं बोलतात, आणि मी फळा पुसते.

वैष्णवी, तू विचारलं होतंस. मी त्या शेतकऱ्याची पोरगी. फवारणीच्या पंपात पाणी मीच ओतायची.