स्प्रिंग नसलेला मेट्रोनोम

मी सायकॉलॉजी शिकवते. कोणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी आधी विचारते, झोप नीट झाली होती का? अजूनही विचारते. पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही...

आमचं कॉलेज भाईंदर वेस्टला. आता सगळे प्रयोग कॉम्प्युटरवर होतात, म्हणून गेल्या वर्षी प्रिन्सिपल म्हणाले, लॅब रिकामी करा, शनिवारी भंगारवाला येतोय. माझा जीव तुटला. ओळखीच्या सगळ्यांना मेसेज टाकले, हवं ते घेऊन जा. लाकडी भुलभुलैया गोडदेवच्या बालवाडीत गेला. आरशात बघून चांदणी गिरवायची पाटी मोरव्याच्या एका आजींनी नातवंडांसाठी नेली. उरला मेट्रोनोम — चावी दिली की एका ठेक्यात टिकटिक करणारं लंबकाचं यंत्र. तेही कित्येक वर्षं बंद. ते कोण नेणार?

शुक्रवारी दुपारी बस्त्यावमामा आले. आमचे रिटायर्ड लॅब अटेंडंट, राहणार जवळच्याच पाली गावात. तीस वर्षं त्यांनी ही यंत्रं पुसली. चर्च न चुकवणारा माणूस, पण दसऱ्याला प्रत्येक यंत्राला झेंडूचं फूल तेच वाहायचे. आता त्यांना पार्किन्सन्स झालाय. मोकळ्या जागेत चालतात, पण दार आलं की पाय जमिनीला चिकटतात. म्हणून दोन वर्षं घरातच होते. यंत्रांचा निरोप घ्यायचा म्हणून हट्टाने आले आणि नेमके लॅबच्या दारातच अडकले.

"पप्पा, चला ना!" त्यांची मुलगी लवीना हात ओढत होती.

"ओढू नको गो. पाय उचलत न्हाय." मामांचे डोळे भरले. "मॅडम, मी इथूनच बगतो."

तेवढ्यात माझ्या मागे, टेबलावरून... टिक... टिक... टिक...

मेट्रोनोमचा लंबक हलत होता. संथ, एका लयीत. मामांनी मान वर केली. एका टिकला एक पाऊल — असं करत ते दार ओलांडून थेट टेबलापर्यंत आले आणि त्यांनी यंत्रावर हात ठेवला. तेव्हा कुठे ते थांबलं.

"चावी कोणी दिली?" लवीनाने विचारलं.

"चावी देऊन काय व्हनार?" मामा माझ्याकडे बघत म्हणाले. "पोरं पिळत बसायची म्हनून स्प्रिंग मीच काढलेली. मॅडमच्या टेबलाच्या खालच्या खणात हाय."

खण उघडला. मामांच्या अक्षरातलं पाकीट, आत स्प्रिंग.

धक्का लागला असेल, असं मी स्वतःला समजावलं. मग मुद्दाम लंबक ढकलून पाहिला. दोन-तीन हेलकाव्यांत गप्प.

घड्याळजीकडून स्प्रिंग बसवून घेतली आणि मेट्रोनोम पालीला पोचवला. दसऱ्याला मामांचा फोन आला. "मॅडम, त्याला फूल वाहिलं. त्याच्याच ठेक्यावर घराचं दार वलांडलं, न बाजारातून मीच जाऊन आनलं... एकटा."

फोन ठेवून मी खूप रडले. त्या दुपारी काय झालं, ते मला आजही सांगता येत नाही. पण रोज मनापासून आभार मानते. कोणाचे, तेवढं मात्र कळलेलं नाही.